ओट्याची उंची: जालन्याकडच्या स्वयंपाकघरात बाई उभी केव्हा राहिली?

गेल्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातल्या आमच्या घरी नवे स्वयंपाकघर करायचे ठरले. हाताशी होते साठ हजार रुपये. गवंड्याने भिंतीवर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली आणि सांगितले, "छत्तीस इंच. सगळीकडं हेच असतंय." माझ्या आईची उंची चार फूट अकरा इंच. ती त्या रेघेशी उभी राहिली, हात पोळी लाटल्यासारखे पुढे केले आणि काही न बोलता बाजूला झाली. ही रेघ आली कुठून, या प्रश्नाने मला मग स्वस्थ बसू दिले नाही. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचा.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडे ओटा ही परंपरा नाही. परंपरा आहे ती बसून रांधण्याची. मातीची चूल, तिच्या कडेची वैल, मागचे भानवस, हाताच्या अंतरावर पाटा-वरवंटा, भिंतीशी गाडग्यांची उतरंड, कोनाडे, वर टांगलेले शिंकाळे: ही सारी मांडणी जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हाताचा पल्ला धरून केलेली असे. अगदी फडताळाचा खालचा कप्पाही बसल्या जागेवरून हाताला येईल असा. याला मागासलेपण म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत धूर बाहेर जायला छतातले एक सानेच काय ते असे. धूर वर चढतो आणि छताखाली साचतो, म्हणून त्या खोलीत श्वास घेण्याजोगी हवा मिळालीच तर ती खाली. उभी राहणारी बाई थेट धुरात उभी राहिली असती. बसणे ही त्या खोलीची गरज होती. तरीही फुंकणीने जाळ फुंकताना धूर तोंडावर यायचाच, आणि आजीच्या डोळ्यांत आजही त्याच्या खुणा आहेत.

म्हणजे बाईला उभे करायचे तर दोन गोष्टी हव्या होत्या: धूर नसलेला जाळ आणि कमरेच्या उंचीवर सपाट बसेल असा स्वस्त दगड.

आधी दगडाकडे वळू. जालना जिल्हा सबंध काळ्या कातळावर, म्हणजे बेसॉल्टवर बसलेला आहे. लाव्हा थिजून झालेला हा दगड कठीण, चिवट आणि जाते, उखळ, पाटा यांसाठी उत्तम. शेजारचे वेरूळचे कैलास लेणे त्याच दगडात कोरले आहे. पण घणाचे घाव घालून त्याच्या पातळ, रुंद फरश्या सहज निघत नाहीत, कारण त्याला थरच नसतात. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीच्या कुळातले, पाण्याखाली थराथराने साचलेले दगड. छिन्नी नेमकी लागली की वहीची पाने सुटावीत तशा त्यांच्या लाद्या सुटतात. कातळाच्या मुलखात ओटा न घडण्याचे निम्मे कारण भूशास्त्रातच आहे.

शहाबाद गुलबर्ग्याकडचे, म्हणजे १९४८ पर्यंत आपल्यासारखेच निजामाच्या राज्यातले. पण राज्य एक असले तरी रूळ एक नव्हते. शहाबाद मुंबई-मद्रास या मोठ्या रुळांच्या मार्गावर. जालन्याला १९०० च्या सुमारास आली ती हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, आणि ती मीटरगेज. तिकडची फरशी रेल्वेने इकडे आणायची तर वाटेत एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवणे भाग होते. आपल्या मार्गाचे रूळ नव्वदच्या दशकात रुंद झाले. कडप्प्याची गोष्ट तर त्याहून गमतीची आहे. तो प्रदेशही एकेकाळी निजामाचाच होता. १८०० च्या तहात तैनाती फौजेच्या खर्चापोटी निजामाने तो इंग्रजांना देऊन टाकला. आज आमच्या ओट्याखाली उभी असलेली काळी लादी त्या तहात गेलेल्या मुलखातली आहे. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात हा तह मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो स्वयंपाकघरात भेटेल असे वाटले नव्हते.

आता जाळ. मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता, त्या काळातली एक जवळजवळ विसरलेली खटपट इथे सांगितली पाहिजे. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली मातीची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये लाखो घरांच्या बिनधुराच्या स्वयंपाकघरांविषयी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. माती गावातली, कारागीर गावातला, खर्च नाममात्र. कल्पना शहाणपणाची होती. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही काढला. पण धुराडे साफ करावे लागते, माती तडकते, आणि चूल बदलली तरी बसण्याची जागा तीच राहिली. रॉकेलच्या स्टोव्हनेही फार काही बदलले नाही. स्वीडनमध्ये १८९२ मध्ये जन्मलेला पंपाचा प्राइमस आपल्याकडे घरोघरी आला, पण तो ठेवला गेला जमिनीवरच, चुलीच्या शेजारी.

उभे केले ते गॅसने. मुंबईत १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीने सिलिंडरमधला गॅस विकायला सुरुवात केली. इंडियन ऑइलची पहिली जोडणी १९६५ मध्ये कलकत्त्यात दिली गेली. पुढची दोन-तीन दशके जोडणीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या घरी पहिला सिलिंडर १९९४ मध्ये आला, आणि त्याच्याबरोबर एक नियमही आला: सिलिंडर जमिनीवर उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर. कारण साधे आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत पसरतो, आणि तिथे जाळ असेल तर भडका उडतो. चुलीच्या खोलीत धूर वर आणि माणूस खाली होता. गॅसच्या खोलीत धोका खाली आणि म्हणून जाळ वर. एका नियमासरशी शतकांची बैठक मोडली.

आणि इथेच त्या रेघेचा पहिला धागा सापडतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर दोन फुटांहून थोडा उंच असतो. त्यावर रेग्युलेटर, त्यावर हात फिरायला जागा, मग लादीची जाडी. बेरीज करा, तीस इंचांच्या आसपास येते. ओट्याची किमान उंची ठरवली ती सिलिंडरने. कमाल उंची कुणाच्या शरीरावरून ठरायला हवी होती, ती मात्र गवंड्याच्या टेपवर सोडून दिली गेली. तीन फूट हा आकडा टेपवर नीट लक्षात राहतो, एवढेच त्याचे समर्थन मला सापडले. अमेरिकन स्वयंपाकघरांतही छत्तीस इंच हेच प्रचलित माप आहे, पण तिथल्या बायकांची सरासरी उंची आपल्याकडच्यापेक्षा बरीच अधिक.

थोडे जर्मनीत जाऊन येऊ, कारण कमी पैशांत नेटके स्वयंपाकघर हा प्रश्न तिथे फार गांभीर्याने घेतला गेला होता. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारदेने फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. सुमारे १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या डायनिंग कारमधले चिमुकले मुदपाकखाने तिच्यासमोर होते, आणि बाईची किती पावले वाचतील याचा हिशेबही. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली, आणि खर्च घराच्या भाड्यात विभागला गेल्याने कामगाराला एकरकमी पैसे मोजावे लागले नाहीत. आज दुकानांत 'मॉड्युलर' म्हणून जे विकले जाते त्याची ही आजी. तिच्या खिडकीपाशी कामाचे टेबल होते आणि एक फिरते स्टूल. बसून करायची कामे बसूनच व्हावीत, हे त्या आखणीत गृहीत होते. आपल्याकडे ओटा आला तेव्हा बसणे मात्र पूर्णच हद्दपार झाले. भाजी निवडणे, लसूण सोलणे, कणीक तिंबणे ही कामे ओट्यावर उरकायची किंवा बाहेर पडवीत न्यायची.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि चूल मागे राहिलेल्या घरांतही शेगडी पोचली. (महाराष्ट्राचा जन्म १ मे १९६०, जालना जिल्ह्याचा १ मे १९८१. आमच्याकडे या तारखेला काही ना काही होतेच.) त्या घरांतले ओटे म्हणजे दोन विटांच्या खांबांवर टाकलेली एक शहाबादी फरशी. मला विचाराल तर आपल्या भागातला खरा मॉड्युलर ओटा तोच: सुटा, स्वस्त, आणि खांबातल्या विटा कमी-जास्त करून उंची बदलता येणारा.

आता आमचे साठ हजार. ट्रॉल्यांचा भाव ऐकून त्या पहिल्याच दिवशी गळाल्या. आत उभ्या-आडव्या कडप्प्याचे कप्पे केले, कारण कडप्प्याला वाळवी लागत नाही आणि पाण्याने तो फुगत नाही. वर मात्र ग्रॅनाइट घेतला. चुनखडीच्या दगडावर लिंबू किंवा चिंचेचा कोळ सांडला की पांढरट डाग कायमचा बसतो, आणि चिंचेवाचून आमच्या घरी आमटी होत नाही. कप्प्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारे खालीच. वर आईच्या लग्नातली स्टीलची मांडणी घासून परत टांगली. सिंक बसवले, पण मोरी मोडली नाही. २०१३ चा दुष्काळ ज्या घराने टँकरवर काढला, ते घर नळाच्या भरवशावर मोरी मोडत नाही.

उंचीसाठी आईचे कोपर मोजले: जमिनीपासून सदतीस इंच. काम करण्याची पातळी कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावी, असा साधा नियम आहे. शेगडीची स्वतःची उंची जमेस धरून तेवढा तुकडा आणखी खाली घ्यावा असे मी सुचवले, पण मग त्याखाली सिलिंडर मावेना, आणि तो घराबाहेर ठेवून नळी आत आणायला पैसे उरले नव्हते. सगळा ओटा बत्तीस इंचांवर ठरला. गवंडी म्हणाला, "उद्या सूनबाई उंच आली तर?" आई म्हणाली, "तिचा ती बांधील."

त्याने छत्तीसची रेघ पुसली नाही, खाली दुसरी मारली. टाइल्स बसेपर्यंत दोन्ही दिसत होत्या. उरलेल्या शहाबादी फरशीचा एक तुकडा आजीने मागून घेतला आणि खिडकीखाली जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवून घेतला. लसूण ती तिथेच सोलते.