कडुनिंब शेंड्याकडून वाळतोय? कुऱ्हाड लावण्याआधी हे वाचा

पावसाळा सरत आला की काही ठिकाणी बांधावरच्या, रस्त्याकडेच्या कडुनिंबाचे शेंडे तपकिरी पडू लागतात. वाळलेली पाने लगेच गळत नाहीत, फांदीलाच लोंबत राहतात. लांबून पाहिलं तर झाडाखाली कुणी जाळ केला आणि धग वर लागली, असं वाटतं. दिवाळीपर्यंत अर्धं झाड वाळलेलं दिसतं आणि मग पारावर एकच चर्चा: लिंब गेला, तोडा आणि सरपणाला लावा.

पण बहुतेक वेळा लिंब गेलेला नसतो. त्याला रोग झालेला असतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तोच लिंब परत फुटतो. तोवर थांबलं नाही तर पन्नास वर्षांची सावली आणि दरवर्षीची निंबोळी एका दिवसात जाते.

हा रोग नेमका काय आहे, बदलत्या हवामानाचा त्याच्याशी काय संबंध आहे आणि जगात इतर ठिकाणी बुरशीने जंगलंच्या जंगलं कशी संपवली, याची ही माहिती.

रोगाचे नाव शेंडेमर

फांदी शेंड्याकडून वाळत खाली येते म्हणून या रोगाला शेंडेमर म्हणतात. इंग्रजी नाव डायबॅक. तो 'फोमोप्सिस' नावाच्या बुरशीमुळे होतो. कडुनिंबावरच्या या बुरशीची ओळख कर्नाटकातल्या म्हैसूर येथील संशोधकांनी १९९७ मध्ये शास्त्रीय नाव देऊन पक्की केली. २०२१ मध्ये तेलंगणात हा रोग मोठ्या प्रमाणावर दिसला. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या चार जिल्ह्यांची हद्द तेलंगणाला लागून आहे.

पाऊस सुरू झाला की रोग कोवळ्या डहाळ्यांवर येतो. पावसाळ्याच्या शेवटी आणि हिवाळ्यात तो सगळ्यात जास्त दिसतो. बुरशीचे बीजाणू, म्हणजे डोळ्याला न दिसणारं तिचं बी, पावसाच्या शिंतोड्यातून, वाऱ्यातून आणि किड्यांच्या अंगावरून पसरतं. मोहोराला आणि फळालाही ही बुरशी लागते. रोग जोरात असेल तर त्या झाडाला निंबोळी जवळजवळ धरतच नाही. ५ टक्के निंबोळी अर्कासाठी १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी लागते, हे फवारणी करणाऱ्याला माहीत आहे. घरची निंबोळी गेली की तेवढा खर्च दुकानात जातो.

याच काळात 'ढेकण्या' नावाचा किडाही लिंबाच्या कोवळ्या शेंड्यातला रस शोषतो. कोकणात काजूवर येतो तोच हा, टी मॉस्किटो बग. त्याच्या डंखानेही शेंडे वाळतात आणि जखमेतून बुरशीला वाट मिळते. त्यामुळे पुष्कळदा किडा आणि बुरशी दोन्ही एकाच झाडावर सापडतात.

बुरशी एकटी झाड मारत नाही

हरभऱ्यावरचा मर रोग असो की जंगलातल्या झाडाचा रोग, तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. एक, रोग करणारी बुरशी. दोन, तिला बळी पडणारं झाड. तीन, तिला मानवणारी हवा. यातली एक जरी नसली तरी रोग वाढत नाही.

शेतकरी हे अनुभवाने ओळखतो. आठ दिवस ढगाळ राहिलं, रात्री दव पडलं की द्राक्षवाला फवारणीचा पंप काढतो. बुरशी आधीपासून असतेच, हवा मिळाली की ती उचल खाते.

हवामान बदलामुळे यातली तिसरी गोष्ट बदलते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, मोठ्या भागावर एकदम अतिवृष्टी होण्याचे प्रसंग तिप्पट झाल्याचं त्यात दिसलं. म्हणजे थोडे दिवस धो धो पाऊस आणि मध्ये मोठा खंड. झाडाला दोन्हीचा त्रास होतो. ओलाव्यात बुरशी पसरते आणि पाण्याच्या ताणात झाडाची ताकद कमी होते.

काही बुरश्या तर झाडाच्या आत गुपचूप बसून असतात. आंब्याच्या फांद्या वाळवणारी 'लॅसिओडिप्लोडिया' ही त्यातलीच. झाड तंदुरुस्त असेपर्यंत ती काही करत नाही. पाण्याचा ताण पडला, ऊन वाढलं की डोकं वर काढते. सोयाबीनवरचा चारकोल रॉटही कोरड्या, तापलेल्या जमिनीतच जोर धरतो.

जुनी बुरशी, नवी हवा

हवा बदलली की जुनी, ओळखीची बुरशीही किती नुकसान करते, हे कॅनडात दिसलं. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइनची जंगलं आहेत. त्या झाडांच्या सुईसारख्या पानांवर येणारी एक बुरशी तिथे पूर्वीपासून होती. तिचा त्रास किरकोळ होता.

१९९० च्या दशकापासून तिथे उन्हाळ्यात पाऊस वाढला. पानं जास्त दिवस ओली राहू लागली. मग रोगाची अशी साथ आली की लागवडीतली कोवळी झाडंच नाही, तर पूर्ण वाढलेले पाइनही मेले. २००५ मध्ये तिथल्या संशोधकांनी या साथीचा संबंध बदललेल्या पावसाशी जोडला. बुरशी तीच होती, झाडही तेच होतं. फक्त पावसाचं गणित बदललं.

आपल्या लिंबावरची बुरशीही ओलाव्यावर जगते. पाऊस लांबला, अवकाळी आला, तर तिला पसरायला जास्त दिवस मिळतात.

परकी बुरशी आली तर

दुसरा धोका वेगळा आहे. बुरशी बाहेरच्या देशातून येते. तिच्या मूळ देशातल्या झाडांनी हजारो वर्षं तिच्यासोबत काढलेली असतात, त्यामुळे तिथे ती फारसा त्रास देत नाही. नव्या देशातल्या झाडांना मात्र तिची ओळखच नसते.

अमेरिकेत चेस्टनट नावाचं मोठं झाड होतं. फळ खायला, लाकूड बांधकामाला. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या चेस्टनटवर एक रोग दिसला. ही बुरशी आशियातून आलेल्या रोपांसोबत पोचली होती. १९५० च्या आसपासपर्यंत अंदाजे ४०० कोटी झाडं गेली. आजही जुन्या मुळांतून फुटवे येतात, पण थोडे मोठे झाले की रोग त्यांना परत मारतो.

युरोपातल्या ॲश झाडाचीही तीच गत झाली. १९९२ मध्ये पोलंडमध्ये ॲश शेंड्याकडून वाळताना दिसले. ही बुरशी पूर्व आशियातली. तिथल्या ॲशच्या जातीला ती फार काही करत नाही. युरोपात ती वाऱ्याने आणि रोपवाटिकेतल्या रोपांसोबत देशोदेशी गेली. ब्रिटनमध्ये २०१२ साली ती पहिल्यांदा सापडली तीही बाहेरून आलेल्या रोपांवर, एका रोपवाटिकेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने ॲशच्या रोपांची आयात बंद केली, पण तोवर उशीर झाला होता. तिथली ८० टक्क्यांपर्यंत ॲश झाडं जातील असा अंदाज आहे.

माल उलट्या दिशेनेही जातो. सागाच्या पानाखाली नारिंगी पावडर दिसते, तो सागाचा तांबेरा. आशियात तो जुनाच आहे. २००३ च्या सुमारास तो मध्य अमेरिकेतल्या सागाच्या लागवडीत सापडला आणि २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात.

उष्णता वाढली की बुरशी वाढेलच असं नाही

हवामान बदल प्रत्येक बुरशीच्या फायद्याचा असतो, असं मात्र नाही. ॲशवरच्या बुरशीला ३५ अंशांच्या वरचं ऊन सोसत नाही. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या उष्ण भागात तिचा जोर कमी दिसतो. काही रोग आपली जागा बदलतील, काही कमी होतील, काही नव्याने येतील. म्हणून कुठल्या झाडावर काय येतंय, यावर लक्ष ठेवणं हाच उपाय आहे.

घाईत तोडण्याची चूक

चेस्टनटच्या वेळी अमेरिकेत लोकांनी एक चूक केली. रोग येतोय म्हणून चांगली, हिरवी झाडंही आधीच तोडून लाकूड विकलं. त्यात रोगाला दाद न देणारी झाडं असतील तर तीही गेली आणि त्यांचं बी राहिलं नाही. आता ब्रिटनमध्ये उलट सल्ला दिला जातो. धोका नसेल तिथे निरोगी दिसणारा ॲश राखून ठेवा, कारण उद्याची लागवड त्याच्याच बियाण्यातून होणार आहे.

आपला कडुनिंब चेस्टनटपेक्षा नशीबवान आहे. शेंडेमर दरवर्षी येऊन झाड थकतं, वर्षानुवर्षं उपचार न मिळाल्यास मरूही शकतं. पण मोठा, जुना लिंब एका हंगामात सहसा मरत नाही.

काय करावे

१. झाड जिवंत आहे का ते बघा. वाळलेल्या फांदीची साल नखाने किंवा चाकूने थोडी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर आणखी खाली, जाड फांदीवर आणि मग खोडावर बघा.

२. पालवीपर्यंत थांबा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये लिंबाला नवी पालवी येते. पाडव्यापर्यंत वाट बघून मगच निर्णय घ्या.

३. वाळलेल्या फांद्या कोरड्या हवेत छाटा. वाळलेल्या भागाच्या खाली वीतभर हिरवी फांदी धरून कापा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. छाटलेला पाला, डहाळ्या झाडाखाली पडू देऊ नका, लांब नेऊन जाळा.

४. हत्यार पुसा. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कोयता, करवत स्पिरिटने पुसून घ्या.

५. फवारणी लहान झाडालाच जमते. तेलंगणात शास्त्रज्ञांनी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची शिफारस केली होती. मात्रा मनाने ठरवू नका, कृषी विभागात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा. घराजवळच्या, गोठ्यावरच्या मोठ्या झाडावर फवारा मारणं धोक्याचं आहे. झाड मोहोरात असताना मधमाश्यांचाही विचार करा.

६. बी निरोगी झाडाचं घ्या. ही बुरशी बियातूनही जाते. आजूबाजूचे लिंब वाळलेले असताना एखादा हिरवागार राहिला असेल, तर रोपासाठी त्याचीच निंबोळी राखा. त्या झाडावर खूण करून ठेवा.

७. रोप घेताना उलटून पालटून बघा. शेंडा काळा पडलेलं, पानावर डाग असलेलं रोप फुकट मिळालं तरी घेऊ नका. परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला रोप, कलम, बी पिशवीतून आणायला सांगू नका. प्लांट क्वारंटाईन ऑर्डर, २००३ नुसार त्यासाठी परवाना आणि तपासणी लागते.

८. परदेशी मालासोबत आलेल्या लाकडी पेट्या, पॅलेट यांच्यावर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का असतो. त्यावर 'एचटी' लिहिलेलं असेल तर ते लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं, म्हणजे त्यातली कीड मारलेली असते. बिनशिक्क्याचं असं लाकूड शेतात आणून टाकू नका.

९. फोटो काढा. पूर्ण झाडाचा एक, वाळत्या शेंड्याचा जवळून एक आणि फांदी आडवी कापून आतला रंग दिसेल असा एक. गावाचं नाव आणि तारीख टाकून कृषी विज्ञान केंद्राला पाठवा. जंगलातलं झाड असेल तर वनरक्षकाला द्या. एकाच भागातून असे फोटो वेळेवर गेले तर साथ कुठून सुरू झाली ते कळतं.

तोडणं कधी गरजेचं?

खोडापर्यंत साल कोरडी पडली, पाडवा उलटून गेला तरी एकही फुटवा नाही, तर झाड गेलं असं समजा. शाळेच्या आवारावर, रस्त्यावर किंवा घरावर झुकलेली वाळकी फांदी मात्र पालवीची वाट न बघता उतरवा. विजेच्या तारेजवळ असेल तर आधी महावितरणला कळवा, स्वतः चढू नका.

बाकीच्या लिंबांना एक उन्हाळा द्या. पाडव्याला गुढीसाठी डहाळा काढायला जाल, तेव्हा त्याच झाडाच्या खोडाकडे आणि जाड फांद्यांकडे बघा. तांबूस कोवळी पालवी दिसली, तर कुऱ्हाड घरीच राहू द्या.