जामखेडची ग्राम-आरोग्यसेविका : एक दुर्लक्षित इतिहाससाधन

जामखेड तालुका इतिहाससंशोधकांस दोन कारणांनीं परिचित आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ सालीं याच तालुक्यांतील चौंडी गांवीं झाला. आणि १७९५ च्या मार्च महिन्यांत मराठ्यांनीं निजामावर मिळविलेला विजय ज्या खर्ड्याच्या नांवानें ओळखला जातो, तें खर्डा गांवहि याच तालुक्यांत आहे. या दोन स्थळांचे कागद शोधण्यांत आमचीं कित्येक वर्षें गेलीं. परंतु याच तालुक्यांत १९७० नंतर जें तिसरें प्रकरण घडलें, त्याकडे आम्हां संशोधकांचें लक्ष गेलें नाहीं. खर्ड्याच्या वाटेनें जातां-येतां जामखेडचें तें रुग्णालय आम्हीं अनेकदां पाहिलें. पण तेथें इतिहासाचें कांहीं साधन असेल, असें मनांत आलें नाहीं. तो दोष पदरीं घेऊनच हें टिपण लिहीत आहों.

आयुर्वेदांत शुश्रूषेचें स्थान गौण नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक व रोगी. परिचारकाच्या अंगीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग व शौच हे चार गुण असावे, असें त्या ग्रंथाचें मत आहे. ग्रंथांत येवढा मान असतां व्यवहारांत मात्र बाळंतपण करणारी सुईण विटाळाची मानली गेली, आणि तिचें काम बहुधा खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांकडे राहिलें. विद्या एका घरीं व सेवा दुसऱ्या घरीं, अशी ही फाळणी होय. जामखेडच्या प्रयोगाचें मर्म या फाळणीच्या संदर्भांतच समजतें.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलें. त्यांनीं १९७० सालीं जामखेड येथें सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला. मुलूख अवर्षणाचा. रुग्णालयांत येणारे पुष्कळसे आजार घाणेरडें पाणी, अपुरें अन्न व बाळंतपणांतील हयगय यांपासून उद्भवलेले असून त्यांचा प्रतिबंध गांवांतच व्हावयास हवा, हें त्यांच्या ध्यानीं आलें. म्हणून प्रथम शिकलेल्या परिचारिका-सुइणी खेड्यांत ठेवून पाहिल्या. तो उपाय साधला नाहीं. परगांवची तरुण, एकटी मुलगी; तिला खेड्यांत राहणें अवघड, आणि पोक्त बायांस तिचें सांगणें पटणें त्याहून अवघड. तेव्हां क्रम उलटविण्यांत आला : गांवच्याच स्त्रीस परिचर्या शिकवावी, आणि तिची निवड गांवानेंच करावी, असें ठरलें.

निवडलेल्या स्त्रियांपैकीं पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्या शिक्षणासाठीं आठवड्यास जामखेडास येत, एकत्र राहत व एकत्र जेवत. शिक्षण तोंडी व प्रत्यक्ष असे. नाळ कापण्याचें साधन स्वच्छ राखणें, जुलाबानें सुकलेल्या मुलास मीठ-साखरेचें पाणी पाजणें, मुलांचें वजन करणें, कुष्ठ व क्षय यांचीं लक्षणें ओळखणें, हें त्यांस येऊं लागलें. ज्या देशानें वेद मौखिक परंपरेनें राखिले, त्या देशांत तोंडी शिकण्यास कोणीं उणें लेखूं नये.

ही सेविका एकटी नव्हती. तिच्या पाठीशीं फिरतें पथक असे. त्यांत परिचारिका, समाजसेवक व प्रसंगीं डॉक्टर असत. जें तिला पेलत नसे, तें पथकाकडे व तेथून रुग्णालयाकडे जाई. गांवोगांवीं शेतकरी मंडळें व महिला मंडळें उभीं राहिलीं. कूपनलिका खोदतांना त्या दलित वस्तींत घेण्याचा कटाक्ष ठेवण्यांत आला. सबब इतर वस्त्यांतील बायांस पाण्यासाठीं तेथें येणें भाग पडलें. शुश्रूषेच्या इतिहासांत पाण्याचें प्रकरण कशास, असें कोणी विचारील, तर उत्तर असें कीं, जेथें पाणी वाटून घेतलें जात नाहीं, तेथें आरोग्यहि वाटलें जात नाहीं.

आतां आंकड्यांकडे वळूं. प्रकल्पाच्या स्वतःच्या गणनेप्रमाणें आरंभीं दर हजार जन्मांमागें १७६ अर्भकें वर्षाच्या आंत दगावत; विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हें प्रमाण तिसांच्या आंत आलें. साऱ्या भारताचें प्रमाण १९७१ सालीं १२९ व १९९० सालीं ८० होतें. म्हणजे देशांतहि घट होतच होती. तेवढें श्रेय वजा केलें पाहिजे. तें करूनहि फरक उरतो. परंतु हे आंकडे प्रकल्पाच्याच हातचे. त्यांची पारख करावयाची तर गांवोगांवच्या मूळ नोंदी व प्रत्यक्ष काम केलेल्या स्त्रियांच्या जबान्या यांवांचून गत्यंतर नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथांत जामखेडचा वृत्तांत आला. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेनें प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, त्यांत गांवच्या आरोग्यसेवकांस स्थान मिळालें. आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतील ‘आशा’ ही याच कल्पनेच्या कुळांतील होय. मेबलबाई १९९९ सालीं व रजनीकांत २०११ सालीं निवर्तले. त्यांचीं नांवें ग्रंथांत राहतील. पण ज्यांनीं अपरात्रीं कंदील घेऊन बाळंतिणीचें घर गांठलें, त्यांपैकीं फारच थोड्यांचीं नांवें छापून आलीं. त्यांची पहिली पिढी आतां थकली आहे.

कोणी म्हणेल, हें प्रकरण फार अलीकडचें. पेशवे दप्तरांतील रुमाल बांधणाऱ्या कारकुनासहि आपला कागद काल-परवाचा हिशेबच वाटला असेल. आमची विनंती येवढीच कीं, जे वाचक नगर जिल्ह्यांत (२०२४ पासून अहिल्यानगर) हस्तलिखितांच्या शोधार्थ हिंडतात, त्यांनीं चौंडी-खर्ड्याच्या वाटेवर एखाद्या वृद्ध सेविकेच्या ओसरीवर घटकाभर बसावें. तिचें सांगणें तिच्याच शब्दांत, तिच्या संमतीनें, गांव व साल नोंदवून उतरून घ्यावें. नोंदींच्या वह्या आढळल्यास त्यांच्या नकला कराव्या. तिच्यापैकीं पुष्कळींस लिहितां येत नव्हतें. तें काम आम्हां लिहिणाऱ्यांचें होतें, आणि तें अद्यापि बाकी आहे.