सामूमापक : अंशशोधन
मृदा वा जल यांची आम्लता किंवा विम्लता मोजण्यापूर्वी हस्तधृत सामूमापकाचे वाचन ज्ञात मूल्याच्या बफर द्रावणांशी रुजू करून घेण्याची क्रिया. धाराशिव जिल्ह्यातील बेसाल्टजन्य, चुनखडीयुक्त काळ्या जमिनी बहुधा विम्लधर्मी असल्यामुळे, सामू ७ च्या द्रावणात यंत्र स्थिर केल्यावर दुसरा दाखला ४ च्या द्रावणाचा न घेता टाकणखाराच्या ९.१८ च्या द्रावणाचा घ्यावा, हेच प्रशस्त. कारण मोजावयाचे मूल्य दोन दाखल्यांच्या दरम्यान पडले, तरच वाचनावर भिस्त ठेवता येते. ९.१८ हा आकडा २५° से. तापमानाचा असून ३५° से.ला तो सुमारे ९.१० वर उतरतो, तेव्हा भर उन्हात शिवारात काम करणाऱ्याने द्रावणाचे तापमान अवश्य पाहावे. द्रावण बदलताना काचेचा इलेक्ट्रोड शुद्ध जलाने धुऊन केवळ टिपावा, घासू नये.