गेट तेच, मालक नवा

खासगी नोकरीत मालक बदलणे नवे नाही. 2012 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने सिंथेस विकत घेतली आणि हाडांची इम्प्लांट विकणाऱ्या दोन स्पर्धक कंपन्यांची माणसे एका मालकाखाली आली. सरकारी कामगाराला मात्र ही वेळ आपल्यावर येईल असे वाटत नसते. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत ती आली.

16 जून 2021 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आयुध निर्माणी मंडळाचे 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटण्याचा निर्णय घेतला. कामगार संघटनांनी 26 जुलैपासून बेमुदत संप जाहीर केला. पण 30 जूनलाच अध्यादेश निघाला. बेकायदा ठरवलेल्या संपात उतरणाऱ्याला एक वर्षापर्यंत, चिथावणी देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद!

1 ऑक्टोबरला मंडळ संपले. जवाहरनगरचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. कामगार केंद्र सरकारचेच राहिले. कंपनीत त्यांना दोन वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर धरले गेले, तेही भत्त्याविना. पुढे मुदतवाढ मिळत गेली.

स्वायत्तता येईल, कार्यक्षमता वाढेल, असे सरकारचे म्हणणे. वाढो. पण प्रतिनियुक्ती म्हणजे कधीतरी मूळ जागी परतणे. इथे ज्या मंडळाने कामावर घेतले, तेच उरले नाही. मुदत संपल्यावर आपण कोणाचे, हा प्रश्न कामगाराने विचारला, तर त्याला अडवणूक म्हणता येणार नाही.