व्हाल्स

व्हाल्स : नेदर्लंड्सच्या लिंबर्ग प्रांतातील सीमावर्ती नगरपालिका. क्षेत्रफळ सु. 24 चौ. किमी.; लोकसंख्या सु. 10,000. पूर्वेस जर्मनी, दक्षिणेस बेल्जियम. तिन्ही सीमा व्हाल्सरबर्गच्या माथ्यावर (सु. 322 मी.) मिळतात. नेदर्लंड्सच्या युरोपीय भूमीवरील हे सर्वांत उंच ठिकाण. एरवी टेकडीच, पण सपाट मुलखात तिला ‘बर्ग’ म्हणजे डोंगर म्हणतात. जवळच्या जस्ताच्या खाणीवरून नेदर्लंड्स व प्रशिया यांचे एकमत न झाल्याने 1816 मध्ये तटस्थ मोरेसनेट निर्माण झाले. ते 1920 मध्ये बेल्जियमला मिळेपर्यंत येथे चार प्रदेशांच्या सीमा भिडत; मोरेसनेटला देश म्हणावे का, हा वादाचा प्रश्न आहे.

व्हाल्स गाव : 1661 च्या वाटणी करारानुसार डचांकडे आले. शेजारच्या कॅथलिक आखेनमध्ये उघड उपासनेस बंदी असलेले प्रॉटेस्टंट येथील चर्चमध्ये येत. अठराव्या शतकात आखेनचा ल्यूथरपंथी कापड-कारखानदार योहान आर्नोल्ट फोन क्लेरमोंट (1728–95) याने आपला उद्योग येथे हलविला. त्याच्या वास्तुसंकुलात आता नगरपालिकेचे कार्यालय आहे.

लेमियर्स : सेल्झरबेक हा सीमेवरचा ओढा. पलीकडचे लेमियर्स जर्मनीत. सेंट कॅथरिनचे दगडी प्रार्थनामंदिर मध्ययुगीन असून त्याच्या नेमक्या काळाबद्दल एकवाक्यता नाही.

मामेलिस : मोजक्या घरांची वाडी, तथापि वास्तुकलेच्या दृष्टीने या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचे स्थळ. सेंट बेनेडिक्टसबर्ग मठाची मूळ वास्तू डोमिनिकस ब्योम व मार्टिन वेबर यांची, 1920 च्या दशकातील. तिला जोडून बेनेडिक्टाइन संन्यासी-वास्तुकार हान्स फान डेर लान (1904–91) यांनी उभारलेले चर्च 1968 चे. भिंती, खांब व खिडक्या यांची मापे त्यांनी ‘प्लास्टिक संख्या’ या प्रमाणावर बेतली. ही संख्या सु. 1.325 असून तिच्या घनातून ती स्वतः वजा केल्यास 1 उरतो. एक माप पुढच्यापासून डोळ्याला स्पष्ट वेगळे दिसावे, पण त्याच्याशी असलेले नाते तुटू नये, हा त्यामागील विचार. अलंकरण जवळजवळ नाही. उंचावरच्या खिडक्यांतून येणारा प्रकाश आणि खडबडीत भिंती यांवरच सारा परिणाम अवलंबून आहे. मोठ्या शहरांतील गाजलेल्या समकालीन चर्चहून ही वास्तू सरस ठरते.

व्हायलन : 1943 पर्यंत स्वतंत्र नगरपालिका. जंगलात प्रागैतिहासिक दफनटेकाडे आहेत.

होल्सेट : येथे सेंट लँबर्टचे चर्च आहे.