रस्तेही तेच, पद्धतही तीच

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ मुंबईकर जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. १८८६पासून संस्थेचे जर्नल निघू लागले. कोणता पक्षी कुठे दिसला, यावर तेव्हा भर असे. किती दिसले आणि पुढे तिथेच किती उरले, हा प्रश्न नंतरचा. सलीम अलींच्या काळात स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम वाढले. पण मोजदादीचे खरे मोल देशाला कळले ते गिधाडांमुळे.

संस्थेचे डॉ. विभू प्रकाश भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८च्या हंगामात त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची ३५३ घरटी नोंदवली. गावोगावी मेल्या ढोरांवर गिधाडांची झुंबड उडायची, असे ते दिवस. ती मोजावीत असे फारसे कुणाला वाटतही नसे, म्हणून तर ही नोंद मला इतकी मोलाची वाटते. १९९६-९७मध्ये घरटी १५०वर आली. फांद्यांवर माना टाकून बसलेली आजारी गिधाडे दिसू लागली. १९९९-२०००च्या हंगामात एकही घरटे नव्हते.

एका उद्यानावरून देशाचा अंदाज बांधता येत नाही. सुदैवाने १९९१ ते १९९३ या काळात संस्थेने अनेक राज्यांत रस्त्यांवरून फिरून शिकारी पक्षी मोजले होते. २००० साली पुन्हा तेच रस्ते धरले. पद्धतही तीच: गाडीतून जायचे आणि दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत दिसणारा प्रत्येक पक्षी टिपायचा. घट नव्वद टक्क्यांहून जास्त निघाली. २००७पर्यंत पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड १९९२च्या तुलनेत हजारात एक उरले.

कारण २००४मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून उघड झाले. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते, मूत्रपिंडे निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो. शंभरात एका जनावराच्या शरीरात औषध असले, तरी असा ऱ्हास घडू शकतो, असे गणिताने दाखवले. २००६मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मेलोक्सिकॅम हा निर्धोक पर्याय हाताशी होता. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास होऊ लागली.

रस्त्यांवरची मोजणी मात्र थांबली नाही आणि थांबू नये. बंदीनंतरच्या फेऱ्यांत घसरण मंदावल्याचे दिसले, पण संख्या अजून फार कमी आहे. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात, म्हणून २०१५मध्ये त्यांवरही निर्बंध आले. २०२३मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक गुरांसाठी बंद झाले. २०२४मध्ये पिंजोरहून काही गिधाडे ताडोबा आणि महाराष्ट्रातल्या पेंचमध्ये आणली गेली. त्यांच्या पाठीवर टॅग बसवले, म्हणजे कोणते गिधाड कुठे उतरले आणि कुठे मेले, हे कळू शकते.