गुणांची रांग

माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात नोकरीला आहे. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "मामू, एल्कच्या शिकारीचा परवाना यंदाही नाही मिळाला. पण एक पॉइंट मिळाला." नापास झाल्यावर गुण मिळतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या गुणाचा माग काढता काढता मी थेट इंग्लंडच्या जुन्या रानांपर्यंत जाऊन पोचलो.

इंग्लंडात रानातले हरीण राजाचे आणि सरदारांचे. १७२३च्या 'ब्लॅक अ‍ॅक्ट'ने तर तोंडाला काळे फासून, हत्यार घेऊन राखीव रानात शिरणाऱ्याला थेट फाशी ठेवली होती. अमेरिकेत गेलेल्या माणसांनी ही सरदारी मागे टाकली. रानातला प्राणी एकट्यादुकट्याच्या मालकीचा नाही, तो सर्वांचा, असा विचार तिथे रुजला. विचार थोर होता. पण जे सर्वांचे, त्याला राखणदार कुणीच नव्हता. एकोणिसाव्या शतकात मांसाच्या आणि कातड्याच्या बाजारासाठी बेसुमार कत्तल झाली. कोट्यवधींच्या संख्येने फिरणारे बायसन १८८९मध्ये विल्यम हॉर्नडे यांच्या अंदाजानुसार हजाराच्या आसपास उरले होते. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून थोराड हरीण. तेही अनेक डोंगरांतून नाहीसे झाले.

मग डोळे उघडले. १९००च्या लेसी कायद्याने चोरट्या शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यावर बंदी घातली. १९१३-१४मध्ये यलोस्टोनहून ४९ एल्क आणून कोलोरॅडोत एस्टेस पार्कच्या परिसरात सोडले. १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळू लागला. एल्क वाढले. आज सर्वांत जास्त एल्क कोलोरॅडोतच आहेत. पण शिकारीही वाढले. कुठल्या भागात किती जनावरे मारू द्यायची, हे सरकार ठरवते. परवाने मोजके आणि अर्ज ढीगभर, अशी गत झाल्यावर सोडत आली. आणि सोडतीत वर्षानुवर्षे नाव न निघणाऱ्यांची कुरकुर वाढली, तेव्हा गुण आले.

हा हिशेब मला कळला तो रॉकेलच्या रांगेवरून. लहानपणी आमच्या मोहल्ल्यात रॉकेल येणार असले की आई आदल्या रात्रीच दुकानापुढे डबा ठेवून येई. माणूस घरी, डबा रांगेत. कोलोरॅडोतला गुण म्हणजे हा डबाच. नवख्याने आधी शिकारीचे शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवायचे; १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागते. मग अर्ज करायचा. पहिल्या पसंतीचा परवाना हुकला तर एक गुण जमा. पुढच्या वर्षी ज्याचे गुण जास्त, तो पुढे. परवाना मिळाला की गुण शून्य, पुन्हा शेपटाला. गुण विकता येत नाहीत, मुलाच्या नावावर करता येत नाहीत.

ऐकायला किती न्याय्य! पण खोच इथेच आहे. परवाने तेवढेच राहतात आणि दरवर्षी नवे डबे येतात. काल पाच गुणांवर मिळणारी जागा उद्या सहा मागते. त्याला तिथे 'पॉइंट क्रीप' म्हणतात. कोलोरॅडोच्या काही नामांकित भागांत तर वीसहून अधिक गुण लागतात. माझ्या भाच्याजवळ आहेत दोन. तो एक पाऊल पुढे टाकतो तेव्हा दुकानही पाऊलभर मागे सरकते.

इतर राज्यांनी वेगवेगळे तोडगे काढले. नेवाडात गुणांचा वर्ग करून तेवढ्या चिठ्ठ्या टाकतात. जुन्याचे पारडे जड, पण नवख्याचीही एक चिठ्ठी असतेच. वायोमिंगमध्ये परराज्यातल्यांसाठीच्या एल्कच्या परवान्यांपैकी ७५ टक्के गुणांवर आणि २५ टक्के निव्वळ नशिबावर देतात. आयडाहो आणि न्यू मेक्सिकोने गुणांचा घाटच घातला नाही. तिथे पहिल्यांदा आलेला आणि विसाव्यांदा आलेला सारखेच. आपल्याकडे कायद्याने वन्य प्राण्यांच्या हौशी शिकारीचे दारच बंद केले, म्हणून हा प्रश्न आपल्याला पडला नाही. रांगेचा प्रश्न मात्र आपल्याला चांगलाच ठाऊक आहे.

एकदा मोहल्ल्यात नवे बिऱ्हाड आले होते. रांगेत डबा आदल्या रात्री ठेवायचा असतो, हे त्या बाईंना कुणी सांगितलेच नव्हते. त्या सकाळी आल्या, शेवटी उभ्या राहिल्या, आणि त्यांचा नंबर येण्याआधीच पिंप रिकामे झाले. आमचा डबा भरलेला होता. आईने कुणाची जागा लुबाडली नव्हती. त्या बाईंचाही काही गुन्हा नव्हता. रांग सरळ होती, तरी एका घरची चूल थंड राहिली.

म्हणून मला वायोमिंगची ती २५ टक्क्यांची वाट पटते. थांबलेल्याचा मान राखावा. पण पिंपातले थोडे रॉकेल उशिरा आलेल्यासाठीही ठेवावे. भाच्याला मी विचारले, "काय करणार?" तो हसला. म्हणाला, "नामांकित रान राहू दे, मामू. कमी मागणीच्या भागाचा परवाना शून्य गुणांवरही मिळतो. तिथेच जातो." जे रान सर्वांचे म्हणून राखले, त्यात नवख्याने शिरायचे कुठून, याचे उत्तर त्याने आपल्यापुरते शोधले होते. नियम करणाऱ्यांना ते अजून शोधायचे आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)